लढाईची नियत आणि आमच्या घराचा स्लॅब

आमच्या घराच्या पुढच्या भागावर स्लॅब आहे आणि मागे स्वयंपाकघरावर अजून कौलं आहेत. खाडीकाठच्या गावांत अशी अर्धी पक्की, अर्धी कौलारू घरं पुष्कळ दिसतात. आखातातून पैसा आला तसं घर पक्कं होत गेलं, पैसा थांबला तिथे कामही थांबलं. पण आमचा स्लॅब अब्बांच्या पगारातून पडलेला नाही. तो इराकच्या तेलाच्या पैशातून पडला आहे, आणि इराकमध्ये अब्बांनी एक दिवसही नोकरी केली नव्हती.

आम्ही तिघं भावंडं, दोन बहिणी आणि धाकटा भाऊ. हे तिघांनी मिळून लिहितो आहोत. लढाई कशासाठी लढली जाते आणि लढणाऱ्या शिपायाच्या पाठीशी उभं राहायचं की नाही, यावरून आमच्या घरात दोनदा मोठं भांडण झालं. १९९१ मध्ये अब्बा एका बाजूला आणि मोहल्ला दुसऱ्या बाजूला होता. २००३ मध्ये आम्ही भावंडंच एकमेकांच्या समोर उभे राहिलो. आता कुठेही तोफा सुरू झाल्या की टीव्हीवर तोच वाद होतो. नियत विचारली की लगेच विचारतात, तू आपल्या जवानांच्या बाजूने नाहीस का? तेव्हा अब्बा आठवतात.

अब्बा कुवेतमध्ये शुवैखच्या एका गॅरेजात मेकॅनिक होते. २ ऑगस्ट १९९० ला, गुरुवारी पहाटे इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि दुपारपर्यंत ही बातमी रेडिओवरून आमच्या पडवीत पोचली. गावातल्या कितीतरी घरांतली माणसं तिकडे होती. त्यानंतर ना पत्र, ना ड्राफ्ट, ना कुणाचा निरोप. रात्री बीबीसीच्या उर्दू बातम्या ऐकायला शेजारपाजारच्या बायका आमच्याकडे येऊन बसत. परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला जाऊन सद्दाम हुसेनना भेटले, त्या गळाभेटीच्या फोटोवर देशभर टीका झाली. अम्मी मात्र म्हणाली, "गळ्यात पडू दे, नाहीतर पायात पडू दे, आमची माणसं तेवढी परत आणा."

आणली खरी. १३ ऑगस्ट ते ११ ऑक्टोबर या काळात एअर इंडियाने अम्मानहून ४८८ उड्डाणं करून एक लाखाहून जास्त भारतीयांना मायदेशी आणलं. अब्बा सप्टेंबरच्या शेवटी आले. कुवेतहून बसने बसरा, तिथून बगदाद, मग जॉर्डनची सरहद्द, तिथल्या वाळवंटात तंबूतले दिवस, आणि शेवटी विमान. हातात रेक्झिनची एक बॅग, छावणीत मिळालेली राखाडी घोंगडी आणि खिशात पंचवीस इराकी दिनारची एक नोट. नोटेवर सद्दाम हुसेन आणि दौडणारे घोडेस्वार. दोन वर्षांची शिल्लक कुवेतच्या बँकेतच राहिली. अम्मी त्यांच्याकडे बघून आधी रडली आणि मग म्हणाली, "दाढी किती पांढरी झाली हो तुमची."

अब्बांनी लूट डोळ्यांनी पाहिली होती. त्यांच्या गॅरेजातल्या गाड्या, जॅक, वेल्डिंगचं सामान, सगळं ट्रकात भरून उत्तरेकडे गेलं. पण त्यांच्या बोलण्यात त्या लुटीपेक्षा एक पोरगा जास्त यायचा. विशीतला इराकी शिपाई, नासिरियाच्या बाजूचा. तो गॅरेजच्या पायरीवर येऊन बसला, तेव्हा अब्बांनी त्याला खुबूस आणि चहा दिला. त्याने विचारलं, "आम्हाला सांगितलं होतं, इथे इन्किलाब झालाय आणि लोकांनी मदतीला बोलावलंय. ते बोलावणारे लोक कुठे आहेत?" अब्बांचं अरबी गॅरेजातलं. ते म्हणाले, "मी परका माणूस, मला काय ठाऊक."

बगदादने सुरुवातीला खरोखरच तसं जाहीर केलं होतं. कुवेतमध्ये एक हंगामी सरकारही उभं केलं होतं. पण महिना संपायच्या आत कुवेत हा इराकचा एकोणिसावा प्रांत असल्याचं फर्मान निघालं. इराणशी आठ वर्षं लढून डोक्यावर बसलेलं कर्ज, रुमैलाच्या तेलाचा वाद, उतरलेले तेलाचे भाव, ही कारणं नंतर उघड झाली. म्हणजे ज्याच्या हातात बंदूक होती त्यालाच तिची नियत माहीत नव्हती.

इकडे गावात वेगळीच हवा होती. मुंबईहून पोरांनी सद्दामची पोस्टरं आणली होती. त्या हिवाळ्यात आमच्या गल्लीत एक मुलगा जन्मला, त्याचं नाव सद्दाम ठेवलं. (त्याचं आज मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. पासपोर्ट काढताना या नावामुळे काय काय ऐकावं लागलं, ते तो हसत हसत सांगतो.) मोहल्ल्याच्या मनातलं दुःख खोटं नव्हतं. फलस्तीनचा घाव जुना होता, आणि १२ ऑगस्टलाच सद्दामने आपली माघार इस्राएलच्या माघारीशी जोडून टाकली होती. एक तरी मुसलमान हुक्मरान अमेरिकेच्या डोळ्याला डोळा भिडवतो आहे, याने लोकांची छाती फुगली. जानेवारी १९९१ मध्ये तर एक इस्लामी परिषद मक्केत भरली आणि दुसरी बगदादमध्ये. सूरह हुजुरातमध्ये मोमिनांचे दोन गट लढले तर सुलह करायला आणि ज्यादती करणाऱ्याला रोखायला सांगितलं आहे. ज्यादती करणारा कोण, यावर मात्र मक्का आणि बगदाद यांचं एकमत नव्हतं. मग आमच्या मशिदीच्या ओट्यावर ते कुठून होणार?

१७ जानेवारीला बाँबफेक सुरू झाली. दुसऱ्या दिवशी जुम्याच्या नमाजनंतर इमामसाहेबांनी इराकी फौजेच्या फत्तेसाठी दुआ मागितली. सगळ्यांचे हात वर होते. अब्बांनी आपले हात खाली घेतले. लहान गावात असली गोष्ट लपत नाही. बाहेर आल्यावर चारजणांनी त्यांना घेरलं. कुणीतरी म्हणालं, "शेखांचं मीठ खाल्लंय ना, ते बोलणारच." अब्बा म्हणाले, "मीठ माझ्या घामाचं होतं." त्यानंतर काही आठवडे आमच्याकडे कुणी फारसं फिरकलं नाही. आमच्या चुलत मामूंच्या घरच्या लग्नाचं बोलावणं आलं ते नुसतं बायकांना.

अब्बा अमेरिकेचे भक्त होते असंही नाही. ते कबूल करायचे की त्यांची स्वतःची नियतही साफ नव्हती. कुवेत सुटला तर नोकरी आणि अडकलेले पैसे मिळतील, एवढाच हिशोब होता. अमेरिकन लष्करी विमानं मुंबईत उतरून इंधन भरून घेत असल्याचं त्याच महिन्यात उघड झालं आणि चंद्रशेखर सरकारवर गदारोळ उठला, तेव्हाही ते गप्प होते. फेब्रुवारीत ते इंधन भरणं बंद झालं. १३ फेब्रुवारीला बगदादमध्ये अमिरियाच्या आसरागृहावर बाँब पडला आणि आत झोपलेली चारशेहून अधिक माणसं मेली. त्यांत बायकामुलंच फार. त्या दिवशी अब्बा जेवले नाहीत, पण बोलले काहीच नाहीत.

ते बोलले मार्चमध्ये. कुवेतहून बसऱ्याकडे माघारी निघालेल्या इराकी फौजेवर फेब्रुवारीच्या शेवटी आकाशातून हल्ला झाला होता. मुतलाच्या चढापाशी जळालेल्या ट्रक-मोटारींच्या रांगांचे फोटो छापून आले. याच रस्त्याने अब्बांची बस गेली होती. ते तो फोटो डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघत राहिले. गाड्या बघून म्हणाले, "या कुवेतच्या गाड्या आहेत. लुटीचा माल घेऊन निघाले होते." आणि मग, "तो पोरगा यांत असेल का ग?" अम्मी काय सांगणार?

पुढच्या जुम्याला ते इमामसाहेबांकडे स्वतः गेले. "आज इराकी शिपायांसाठी दुआ मागा, मी आमीन म्हणतो." इमामसाहेब सज्जन माणूस. म्हणाले, "त्या दिवशी तर तुम्ही हात खाली घेतलेत." अब्बा म्हणाले, "त्या दिवशी ती जिंकण्यासाठी होती. आता जे मेले त्यांच्यासाठी मागायची आहे." दुआ झाली. पहिल्या सफेतले दोघे उठून गेले, कारण त्यांच्या मते सद्दाम हरलाच नव्हता. बाकीच्यांनी आमीन म्हटलं.

१९९२ मध्ये आणखी एक गोष्ट बाहेर आली. लढाईच्या आधी, ऑक्टोबर १९९० मध्ये, एका कुवेती मुलीने अमेरिकेत खासदारांसमोर रडत सांगितलं होतं की इराकी शिपायांनी इस्पितळातल्या काचेच्या पेट्यांतून नवजात बाळं बाहेर काढून जमिनीवर मरायला टाकली. राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ती गोष्ट वारंवार सांगितली. नंतर कळलं, की ती मुलगी कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूतांची कन्या होती आणि त्या गोष्टीला आधार सापडला नाही. अब्बांना याचा फार राग आला. "लूट खरी होती. माणसं मारली तेही खरं होतं. एवढं खरं हाताशी असताना खोटं कशाला लागलं यांना?" त्याच सूरह हुजुरातमध्ये आधी बातमी पडताळून घ्यायला सांगितलं आहे, नाहीतर नकळत कुणाचं तरी नुकसान करून बसाल आणि मग पस्तावाल. अब्बा ती आयत त्या दिवसापासून फार सांगायचे.

आता स्लॅबविषयी. कुवेत सोडून यावं लागलेल्यांना भरपाई द्यायला संयुक्त राष्ट्रांनी १९९१ मध्ये जिनिव्हात एक आयोग नेमला. अब्बांनी अर्ज भरला, पासपोर्टवरचे शिक्के दाखवले, आणि पुढची काही वर्षं त्यावर पाणी सोडून मुंबईत एका वर्कशॉपमध्ये काम केलं. १९९६ च्या डिसेंबरात 'तेलाच्या बदल्यात अन्न' योजनेखाली इराकचं तेल पुन्हा विकलं जाऊ लागलं. त्या प्रत्येक शंभर डॉलरांतले तीस भरपाईच्या खात्यात जात. अब्बांच्या वाट्याला हप्त्याहप्त्याने चार हजार डॉलर आले. त्यांतून १९९८ मध्ये स्लॅब पडला.

त्याच वर्षी बगदादमधल्या मदतकार्याचे प्रमुख डेनिस हॅलिडे यांनी राजीनामा दिला. इराकवरच्या निर्बंधांनी सामान्य माणसांचा, लेकरांचा जीव जातो आहे आणि आपण त्याचा भाग होऊ शकत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या जागी आलेले हान्स फॉन स्पोनेक यांनीही २००० मध्ये तेच केलं. अब्बांनी ही बातमी वाचली आणि मौलानांना जाऊन विचारलं, हा पैसा हलाल का? मौलाना म्हणाले, तुमचा लुटलेला हक्क परत आला, त्यात शंका घेऊ नका. अम्मीचंही तेच मत. अब्बांनी ऐकलं. स्लॅबच्या दिवशी कामगारांना बिर्याणी घातली, पण नातेवाइकांना दावत दिली नाही. "तिकडची दुधाची पावडर आहे यात," असं एकदा सिमेंटच्या पोत्यांकडे बघून म्हणाले. अम्मी चिडली होती. आम्हालाही ते बोलणं तेव्हा जरा जास्तच वाटलं.

मग २००३ उजाडलं. ५ फेब्रुवारीला कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा समितीत नकाशे, फोटो आणि ध्वनिफिती मांडून इराकजवळ महासंहारक अस्त्रं असल्याचं सांगितलं. १५ फेब्रुवारीला लंडन, रोम आणि कितीतरी शहरांत लाखो माणसं रस्त्यावर उतरली. त्यांतली बहुतेक मुसलमान नव्हती, हे आमच्या मोहल्ल्याला पहिल्यांदाच नीट दिसलं. आम्ही दोघी बहिणी तालुक्याला निघालेल्या मोर्चात गेलो. घोषणा होती, तेलासाठी रक्त नको. घरी आलो तर स्लॅबखाली खुर्ची टाकून बसलेले अब्बा म्हणाले, "घोषणा बरोबर आहे. फक्त देताना एकदा वर बघा."

आणि त्याच वेळी आमचा धाकटा कुवेतमध्ये होता. एकवीस वर्षांचा. एजंटने हॉटेलातलं काम सांगून नेलं आणि लावलं अरिफजानच्या अमेरिकन छावणीतल्या भटारखान्यात. अमेरिकेत लोक झाडांना पिवळ्या फिती बांधून, मोटारीवर चिकटपट्ट्या लावून आपल्या फौजेला पाठिंबा देत होते. आमचा भाऊ त्या फौजेला रोज सकाळी अंडी तळून देत होता. आम्ही फोनवर त्याला म्हणालो, "तू परत ये. हे हात इराकवर चाललेत." तो म्हणाला, "आपा, तू यांना बघितलं नाहीस. अर्धी पोरं माझ्या वयाची आहेत. एकजण विचारत होता, आम्ही तिकडे गेलो की लोक फुलं टाकतील ना?" फोन अब्बांच्या हातात दिला. आम्हाला वाटलं, आता रागावतील. अब्बांनी एवढंच विचारलं, "मग तू काय सांगितलंस?" तो म्हणाला, "मी परका माणूस, मला काय ठाऊक."

अब्बा बराच वेळ रिसीव्हर धरून उभे होते. ती पायरीवरची गोष्ट धाकट्याला आठवत नव्हती. शिपाई अब्बांना भेटला तेव्हा तो आठ वर्षांचा होता.

लढाई सुरू व्हायच्या तीन दिवस आधी, १७ मार्चला, ब्रिटनचे मंत्री रॉबिन कुक यांनी राजीनामा दिला. लढाईला पाठिंबा देणारेच तेवढे फौजेच्या पाठीशी आहेत, हे म्हणणं खोटं आहे, असं त्यांनी पार्लमेंटात सांगितलं. फौजेला ज्या लढाईत जीव धोक्यात घालावा लागेल, ती टाळण्याचा मार्ग शोधणं हाही तिला पाठिंबाच, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. आमच्या गावात हीच गोष्ट पलीकडच्या वाडीतल्या सुभेदारकाकांनी त्यांच्या भाषेत सांगितली. ते मराठा पलटणीतून निवृत्त झालेले, मुलगा फौजेत. त्यांचे आजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे याच इराकात, इंग्रजांसाठी लढून आले होते. २००३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने भारताकडे सुमारे सतरा हजार जवान मागितले, तेव्हा गावात चर्चा पेटली. देशाची ताकद दिसेल, कंत्राटं मिळतील, असं म्हणणारेही होते. सुभेदारकाका अब्बांना म्हणाले, "चाचा, हुकूम आला तर पोरगा जाईल. जायलाच पाहिजे. पण हुकूम देणाऱ्याला कारण मी विचारणार. मी नाही विचारलं तर कोण विचारणार? तो तर विचारू शकत नाही."

एप्रिलमध्ये आपल्या संसदेने लढाईविरुद्ध ठराव केला होता. 'निंदा' हा हिंदी शब्द घालायचा आणि इंग्रजीत त्याचा सौम्य अर्थ ठेवायचा, अशा तडजोडीने. आम्ही तेव्हा या कसरतीला हसलो होतो. पण १४ जुलैला वाजपेयी सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय फौज पाठवायला नकार दिला. सुभेदारकाका संध्याकाळी पेढे घेऊन आले. अब्बांना साखर वर्ज्य होती, तरी त्यांनी दोन खाल्ले.

अस्त्रं सापडली नाहीत. अमेरिकेच्या स्वतःच्या शोधपथकाने २००४ मध्ये साठे नव्हते असा अहवाल दिला. पॉवेल यांनीही पुढे ते भाषण आपल्या नावावरचा डाग असल्याचं कबूल केलं. त्याआधीच आमचा भाऊ घरी आला होता, अकरा महिन्यांनी. फुलांबद्दल विचारणाऱ्या त्या पोराचं काय झालं, ते त्याला कळलं नाही.

जून २००४ मध्ये बाकुबाजवळ कॅप्टन हुमायून खान हा सत्तावीस वर्षांचा अमेरिकन अधिकारी मारला गेला. पाकिस्तानी आईबापांचा मुलगा. छावणीच्या फाटकाकडे येणारी टॅक्सी संशयास्पद वाटली म्हणून त्याने आपल्या माणसांना मागे थांबवलं आणि स्वतः पुढे गेला. अब्बांना आम्ही ही बातमी वाचून दाखवली, तेव्हा त्यांनी "इन्ना लिल्लाहि" म्हटलं. आमच्यातली एक म्हणाली, "अब्बा, तो तर त्यांच्या फौजेत होता." अब्बा म्हणाले, "हो. आणि त्याने शिपायांना वाचवलं. लढाईचा हिशोब ज्यांनी लढाई लावली ते देतील. याचा हिशोब वेगळा आहे." पुढे २००५ च्या निवडणुकीत रेग कीज हा ब्रिटिश बाप, ज्याचा मुलगा इराकमध्ये मारला गेला होता, खुद्द पंतप्रधान ब्लेअर यांच्याविरुद्ध त्यांच्याच मतदारसंघात उभा राहिला आणि हरला. मुलगा खोट्या कारणासाठी गेला, असं त्याचं म्हणणं होतं. त्याला कुणी मुलाचा अपमान करतोस असं म्हणू शकलं नाही.

इथे आम्हा तिघांचं जमत नाही. आम्ही दोघी अजूनही म्हणतो की भावाने ती नोकरी त्याच दिवशी सोडायला हवी होती. नियत माहीत नसणं वेगळं आणि माहीत झाल्यावर अंडी तळत राहणं वेगळं. धाकटा म्हणतो, एजंटचं कर्ज तुम्ही फेडणार होतात का? आणि भुकेल्याला जेवण देताना अब्बांनी कुठे विचारलं होतं, तू कुणाच्या फौजेतला? आम्ही म्हणतो, अब्बांनी त्याचा पगार घेतला नव्हता. तो बोट वर करून स्लॅब दाखवतो. मग आम्ही चहा ठेवायला उठतो.

अब्बांचा इंतकाल झाला त्याला आता बरीच वर्षं झाली. २०२२ च्या फेब्रुवारीत बातमी आली की इराकने भरपाईचा शेवटचा हप्ता भरला, एकूण ५२.४ अब्ज डॉलर. एकतीस वर्षं लागली. सद्दाम हुसेन केव्हाच फासावर गेले होते. ज्यांनी हे पैसे फेडले, त्यांतले किती तरी इराकी १९९० मध्ये जन्मलेही नव्हते. धाकट्याने ती बातमी अम्मीला वाचून दाखवली. ती म्हणाली, "चला, त्यांचं कर्ज फिटलं."

गेल्या पावसाळ्यात स्लॅब कोपऱ्यातून गळायला लागला. मिस्त्री म्हणतो, वरून डांबराचा थर द्यावा लागेल. पेटी हलवली तेव्हा तळाशी जिनिव्हाचे कागद आणि पंचवीस दिनारची ती नोट सापडली. गल्लीतला सद्दाम मोबाइलचा चार्जर द्यायला आला होता, त्याने ती उलटसुलट करून पाहिली. "याचे आज किती मिळतील?" आम्ही म्हणालो, काही नाही, ती कधीच रद्द झाली. त्याने नोटेचा फोटो काढला आणि ती परत कागदांत ठेवून दिली.